शेवटच्या नळाचे नत्थूजी

मीरा, तुझ्या शाळेची प्रश्नावली मिळाली. विषय जगातील पाणीटंचाई आणि पाण्याचे व्यवस्थापन. आपल्या मूळ गावातल्या एखाद्या जलव्यवस्थापकाची मुलाखत घ्यायची आणि पाच प्रश्नांची उत्तरे लिहायची. पहिलाच प्रश्न, त्यांचे शिक्षण किती. खाली तुझ्या भावाने, ईशानने, स्वतःच्या अक्षरात लिहिले आहे की आजी कोणाला तरी ओळखत असेलच.

ओळखत होते. फक्त, ज्यांना मी ओळखत होते त्यांना आपण व्यवस्थापक आहोत याचा पत्ता नव्हता. आणि व्यवस्थापक म्हणून जे दोघे-तिघे आमच्या ले-आऊटमध्ये, म्हणजे या बंगल्यांच्या वसाहतीत, गाडीतून येऊन गेले, त्यांना इथे नळ किती वाजता येतो हे मलाच सांगावे लागले होते.

नत्थूजी लांजेवार आता मुलाकडे गोंदियाला असतात आणि फोनवर "बरं हाये, बाई" यापलीकडे बोलत नाहीत. तेव्हा मुलाखतीऐवजी हे घ्या. शिक्षण सातवी पास. बाकीच्या चार प्रश्नांची उत्तरे तुम्ही शोधून काढा. मी शिकवायची तेव्हाही उत्तरे अधोरेखित करून देत नसे.

तुमच्याकडे नळ उघडला की पाणी असते. आमच्याकडे ते सकाळी सहा ते सात येते, आणि कोणीतरी सोडावे लागते. सोडणारा तो चावीवाला. रस्त्याच्या कडेला लोखंडी झाकण, त्याखाली व्हॉल्व्ह, आणि तो फिरवायला चावी. ही चावी म्हणजे माणसाच्या छातीपर्यंत येणारी लोखंडी सळई, वर आडवी मूठ. नत्थूजी ती सायकलच्या दांडीला सुतळीने बांधत. वळणावर आधी सायकल वळे, मग नत्थूजी आणि सर्वांत शेवटी चावी. अंगावर खाकी शर्ट, पण पँट कधीच खाकी नाही. विचारले तर म्हणाले, "वरचं सरकारी, खालचं घरचं."

आपला ले-आऊट टाकीच्या बाजूने नाल्याकडे उतरत जातो. चार रांगा बंगल्यांच्या. नाल्याच्या पलीकडे एक गल्ली आहे, तिथे हीच पाइपलाइन संपते. त्या गल्लीच्या अगदी टोकाला शकुंतलेचे घर. ती आपल्याकडे भांडी घासते. तुम्ही तिच्या हातची सांबारवडी, म्हणजे कोथिंबिरीची वडी, खाल्ली आहे. पाणी वरून निघे आणि प्रत्येक रांगेत थोडे थोडे कमी होत गल्लीपर्यंत येईतो त्याचा जीव गेलेला असे.

बाकीचे चावीवाले चार आटे फिरवून पाणी सोडत आणि चहाला जात. नत्थूजी पाणी सोडून सायकलवर बसत ते थेट शकुंतलेच्या दारात उतरत. तिच्या नळाखाली बादली लावत आणि मोठ्याने पाढे म्हणायला लागत. घड्याळावर त्यांचा विश्वास नव्हता. "घड्याळ साहेबाचं," म्हणत, "पाढे माहे." वरच्या रांगेत बादली बे, तीन, चार म्हणेतो भरे. आपल्याकडे दुसऱ्या रांगेत सातापर्यंत जाई. शकुंतलेच्या नळाशी एकोणतीसचा पाढा होऊन पावकी, निमकी असे अपूर्णांकांचे पाढे सुरू झाले तरी बादलीचा तळ झाकलेला नसे. मला स्वतःला पावकी येत नाही. मी शिकले त्या कॉन्व्हेंटमधल्या मदर सुपीरिअरना ती पाखंडी वाटत असावी.

"आज कसं होतं पाणी?" मी सकाळी फाटकाशी विचारी.

"तुमच्या इथं सातचं, बाई. मागं दिडकी म्हणून घसा सुकला."

"पण आलं ना?"

"पुढच्या पानावर वाढलं म्हणून पंगत जेवली असं म्हणते का कोणी? शेवटच्या नळाले आलं तं पाणी आलं. नाही तं सांडलं."

निवृत्तीला दोन वर्षे राहिली होती तेव्हा त्यांनी मला हे एकदा सरळ सांगितले. चहाची बशी खाली ठेवून म्हणाले, "बाई, एक काम राह्यलं माहं. चावी जमा कराच्या आधी त्या पोरीच्या नळाले पुरा तासभर पाणी लावून जाईन. मग मले रजा द्या." जणू रजा मंजूर करणारी मीच होते.

तुमच्या आजोबांचे आणि त्यांचे नाते वेगळे. आजोबांची सारी नोकरी खापरखेड्याच्या वीज केंद्रात गेली. तिथे पाण्याची वाफ करून, वाफेचे पुन्हा पाणी करून वापरतात, त्यामुळे पाण्याविषयी आपल्याला कोणी काही शिकवू नये असे त्यांचे मत आहे. हे मत ते कूलरची टाकी भरून अंगणात वाहत असतानाही मांडू शकतात.

एका मे महिन्यात, दुपारी दोन वाजता, फाटक वाजले. नागपुरात मे महिन्यात दुपारी दोनला कुत्रीसुद्धा बाहेर नसतात. नत्थूजी डोक्याला दुपट्टा गुंडाळून उभे, हातात चावी. "साहेब, तुमच्या पोर्चच्या खाली पाइप फुटला हाये."

"तुम्हाला कसं कळलं?"

त्यांनी चावीचे टोक पोर्चच्या फरशीवर टेकवले, मुठीवर दुपट्ट्याची घडी ठेवली, कारण लोखंड तव्यासारखे तापले होते, आणि तीवर कान लावला. डोळे मिटले. "बोलून राह्यला. ऐका."

आजोबांनी ऐकले नाही. म्हणजे कान लावला, पण ऐकले नाही. ती फरशी नवीन होती, राजस्थानहून आणलेली. "ही काय पद्धत झाली? या वेळी कशाला आलात?"

"याच वेळी ऐकू येते साहेब. सारं नागपूर झोपलं राह्यते. गाडी नाही, घोडा नाही. हीच माही कचेरी, दुसरी कायले पाहिजे?"

आजोबांनी ओळखीच्या एका तज्ज्ञाला यंत्र घेऊन बोलावले. तो कानाला मोठे हेडफोन लावून सकाळी दहा वाजता, समोर भाजीवाल्याचा भोंगा चालू असताना, तासभर फिरला आणि फाटकाबाहेर खोदायला सांगितले. तिथे माती ठणठणीत कोरडी निघाली. मग बगिच्यात खोदले. शेवटी पोर्चची फरशी काढावीच लागली, आणि नत्थूजींनी खडूने फुली मारली होती तिच्या वीतभर डावीकडे पाइपला बोटभर भोक सापडले. किती वर्षे ते पाणी राजस्थानी फरशीला गार ठेवत होते कोण जाणे. आजोबा अजूनही म्हणतात की वीतभर म्हणजे चूकच.

आता नत्थूजींच्या सत्काराचे. आमच्या रहिवासी समितीने एका वर्षी जलदिन साजरा करायचे ठरवले. अध्यक्ष देशकर काका, बँकेतून निवृत्त झालेले, जागतिक प्रश्नांवर बोलायला नेहमी तयार असलेले. 'पाण्याचा खरा सेवक' म्हणून नत्थूजींना शाल-श्रीफळ द्यायचे ठरले. मानपत्र मी लिहिले. कार्यक्रम सकाळी आठचा, म्हणून पहाटेपासून तयारी. सहा वाजता नळ आला तसे समितीच्या उत्साही मंडळींनी पाइप लावून चौक धुतला, मग मंडपाची जागा धुतली, मग पाहुण्यांच्या गाड्या लागणार होत्या तो रस्ताही. धूळ खाली बसायला हवी होती.

नत्थूजी साडेआठला आले. तोवर देशकर काका येणाऱ्या पिढ्यांच्या तहानेविषयी बोलत होते. पिढ्या म्हणजे तुम्ही. नत्थूजींनी ओल्या रस्त्याकडे पाहिले, मंडपाखालच्या चिखलाकडे पाहिले, शाल घेतली, नारळ घेतला. दोन शब्द बोला म्हटल्यावर माईकपासून हातभर लांब उभे राहून म्हणाले, "मान केला, लय बरं वाटलं. पण पुढच्या साली नका करू. आज मागच्या गल्लीत थेंब नाही गेला."

टाळ्या वाजल्या. लोकांना तो विनय वाटला.

सगळ्यांत अवघड भाग मी मागे ठेवला होता, तो आता सांगते. आमच्या चारही रांगांत घरोघरी टुल्लू पंप होते. टुल्लू म्हणजे छोटा विजेचा पंप. तो नळाला जोडला की पाणी येण्याची वाट पाहावी लागत नाही, ओढूनच घेता येते. हे नियमाविरुद्ध आहे, त्यामुळे तो कोणाकडेही नव्हता. आपल्याकडेही नव्हता. तो न्हाणीघराच्या मागे, तुळशीच्या जुन्या कुंडीखाली झाकलेला नव्हता. शेजाऱ्याने लावला म्हणून आपण लावायचा, आपण लावला म्हणून पलीकडच्याने मोठा लावायचा. सहा वाजले की साऱ्या ले-आऊटमधून एक गुणगुण उठे आणि सगळे जण ती आपल्या घरची नाही अशा चेहऱ्याने वर्तमानपत्र वाचत.

नत्थूजींना कोणत्या घरी किती ताकदीचा पंप आहे हे फाटकावर चावी टेकवून कळे. त्यांनी कोणाची तक्रार केली नाही. फक्त विचारत, "बाई, पाहुणे हायेत वाटते घरी?"

"नाही हो, कोणी नाही," मी म्हणे. इंग्रजी शिक्षणाने खोटे बोलताना चेहरा स्थिर ठेवता येतो.

"नाही, आवाज आला. बरं. गेले म्हणजे सांगजा."

नत्थूजींच्या नोकरीतल्या शेवटच्या उन्हाळ्यात, मे महिन्याच्या मध्यावर, रोज सकाळी बरोबर सहाला वीज जाऊ लागली आणि सातला येऊ लागली. पंखे बंद, कूलर बंद, मिक्सर बंद. सहा दिवस हे चालले. तिसऱ्या दिवशी शकुंतला नेहमीपेक्षा लवकर आली, केस ओले. म्हणाली, "आज डोक्यावरून आंघोळ केली, बाई. सालभरात पहिल्यांदा सकाळी." मी म्हटले, छान, पण आधी चटणी पाट्यावर वाट, मिक्सर चालत नाही. मीरा, हे वाक्य मी मुद्दाम गाळले नाही.

समितीची बैठक झाली. अर्ज लिहायचा तर इंग्रजीत, म्हणजे तो वर पोचतो, असे सर्वांचे मत, आणि इंग्रजी म्हटले की मी. सव्वा पानाचा अर्ज. वृद्ध नागरिक, परीक्षेचे विद्यार्थी, नागपूरचे तापमान, सगळे योग्य क्रमाने. तिसरा परिच्छेद आजही मला चांगला वाटतो. चौथ्या दिवशी दिला, सातव्या दिवशी वीज पूर्ववत झाली. पंधरवड्याने उत्तर आले. ते मी समितीपुढे उभे राहून वाचले: सदर वीजपुरवठा पाणी विभागाच्या एका कर्मचाऱ्याने केलेल्या तोंडी विनंतीवरून, कोणत्याही लेखी आदेशाशिवाय खंडित करण्यात आला होता, संबंधितांवर कारवाई करण्यात आली आहे. टाळ्या वाजल्या. मी खाली बसले, चष्मा पुसला, आणि मग मला कळले की कर्मचारी कोण.

नत्थूजींच्या ओळखीचा एक लाइनमन होता. वीज नाही तर पंप नाही. पंप नाहीत तर पाणी आपल्या चालीने शेवटपर्यंत जाते. सहा दिवस शकुंतलेच्या नळाला तासभर पाणी होते. माझ्या इंग्रजीने ते बंद केले. लाइनमनला समज मिळाली. नत्थूजींची चावी काढून घेतली आणि त्यांना टाकीच्या फाटकाशी, येणाऱ्या-जाणाऱ्यांची नावे वहीत लिहायला बसवले. निवृत्तीला आठ महिने उरले होते.

मी भेटायला गेले. काय बोलायचे ते रिक्षात ठरवून गेले होते, पण त्यांनी बोलू दिले नाही. "बसा बाई. ऊन लागलं असन. इकडं या, इथं नाव लिहावं लागते तुमचं." नाव लिहून झाल्यावर म्हणाले, "तुमची विंग्रजी लय भारी. साहेबानं मले मराठीत करून वाचून दाखवली. मलेच वाटलं, कोण हा बदमाश, पकडा त्याले."

"मला ठाऊक नव्हतं, नत्थूजी."

"असतं तं नसती लिहिली काय?"

घरी येऊन मी तो पंप काढायला लावला. दुसऱ्या दिवसापासून आपल्या नळाला पाणी येईना, कारण दोन्ही बाजूंचे पंप आता आपला वाटाही ओढत होते. मागच्या गल्लीला एक थेंबही जास्त गेला नाही. आजोबांनी चार दिवस माझ्याशी बोलणे सोडले आणि पाचव्या दिवशी टँकर मागवला. मी हे सांगायला पुन्हा टाकीच्या फाटकाशी गेले, थोडी शाबासकी मिळेल या आशेने.

नत्थूजी पोट धरून हसले. "एकटीनं उपास धरला काय, बाई? त्यानं काही लग्नातलं जेवण उरत नाही. बाकीचे दोन लाडू जास्त खाते." मग गंभीर झाले. "लिहाचंच असन तं पुन्हा लिहा. उलटं. सहा ते सात लाइट बंद करा म्हणून. पण लेखी पाहिजे, साऱ्याच्या सह्यानं. तोंडी नोको. तोंडी माह्या अंगाशी आलं."

"कोण सही करील? सगळ्यांकडे पंप आहेत."

"कोण म्हणते?" नत्थूजी म्हणाले. "मी तं पंधरा वर्षं विचारून राह्यलो. कोणाच्याच घरी नाही म्हणते."

हे त्यांनी भोळेपणाने म्हटले की नाही, मला सांगता येणार नाही. पण घरी येऊन मी तीच ओळ अर्जात पहिली घातली. आमच्या ले-आऊटमधील एकाही घरी पंप नसल्यामुळे, नळाच्या वेळेत वीज बंद ठेवल्यास आमची कोणतीही गैरसोय होणार नाही. मग वही घेऊन घरोघर गेले. देशकर काकांनी अर्ज दोनदा वाचला.

"वहिनी, ही पहिली ओळ हवीच का?"

"खरी नाही का?"

"खरी आहे. खरीच आहे. पण उन्हाळ्यात तासभर पंखा नाही म्हणजे..."

"सहाला तुम्ही फिरायला जाता ना काका?"

आतून काकू ओरडल्या, "करा सही आणि मोकळे व्हा! नाही केली तर लोक म्हणतील आपल्याकडे आहे." काकांनी सही केली, खाली बँकेतला हुद्दाही लिहिला. त्यांची सही पाहिल्यावर बाकीचे अडले नाहीत. न करणाऱ्याला कारण द्यावे लागले असते, आणि कारण न्हाणीघराच्या मागे होते. आजोबांनी सर्वांत शेवटी केली, इंजिनिअर म्हणून आपली हरकत कंसात नोंदवून.

अर्ज मंजूर व्हायला नऊ महिने लागले. तोंडी काम एका शब्दावर झाले होते. लेखी कामाला तेवढा वेळ लागतोच. तोवर नत्थूजी निवृत्त झाले. निरोपसमारंभ झाला, पण त्यांचे राहिलेले काम राहिलेलेच होते. मुलगा गोंदियाहून न्यायला आला, तेव्हा त्यांनी होळीनंतर येतो, असे सांगून त्याला परत पाठवले.

मी त्यांना शेवटचे पाहिले ते वीज बंद ठेवायच्या पहिल्या सकाळी, मार्चच्या अखेरीस. नाला ओलांडून गल्लीत गेले तेव्हा सहा वाजून दहा मिनिटे झाली होती. अंगात घरचा पांढरा सदरा, हात रिकामे, नत्थूजी शकुंतलेच्या दारात उभे होते. माझ्याकडे त्यांचे लक्षही नव्हते. नळातून मनगटाएवढी धार पडत होती. पाढा म्हणायला वेळच मिळाला नाही. बादली भरली, घागर भरली, पिंप भरले, शेजारणीचा टब भरला. शकुंतलेने दारातले अंगण धुतले, पायरी धुतली. मग धुवायला काही उरले नाही, आणि ती काठोकाठ भरलेल्या बादलीशेजारी कमरेवर हात ठेवून नुसती उभी राहिली. पाणी बादलीवरून वाहत नाल्याकडे चालले.

नत्थूजी एकदम भडकले. "बंद कर वं! डोळे फुटले काय? सांडून राह्यलं ना सारं! याच्यासाठी केलं काय मी?" आणि पुढे होऊन त्यांनी नळावर हात ठेवला.

"राहू द्या ना, काकाजी," शकुंतला म्हणाली. ती त्यांच्याकडे पाहतही नव्हती. "इतके साल त्याइचं सांडलं. एक दिवस माहं सांडू द्या."

नत्थूजींचा हात नळावर तसाच राहिला. त्यांनी नळ फिरवला नाही. पाणी त्यांच्या चपलांवरून गेले, विजारीचे काठ भिजले, शेजारच्या दारातल्या बायका हसायला लागल्या, तरी ते हलले नाहीत. मला त्यांचा चेहरा दिसत नव्हता, फक्त पाठ. किती वेळ झाला ते मी मोजले नाही.

मग त्यांनी विचारले, "झाला एक दिवस?"

"झाला," शकुंतला म्हणाली.

त्यांनी नळ बंद केला.